घरचं बेकिंग, नागपूरच्या हवेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केक मध्येच बसला, बिस्किटं पसरली, पावाचं पीठ आंबलं, की बहुतेक जण स्वतःच्या हाताला दोष देतात. दोष पुष्कळदा हवेचा असतो. रेसिपी कुठल्या तरी थंड गावातल्या स्वयंपाकघरात लिहिलेली असते आणि आपण ती मे महिन्यात मानेवाड्यात करायला घेतो. खालची उत्तरं आपल्या इथल्या हिशोबाने दिली आहेत. चमचे सपाट भरलेले, कप २४० मिलीचा आणि तापमान सेल्सिअसमध्ये.

ओव्हन नसेल तर सुरुवात करूच नये का?

जरूर करा. कुकरमधला केक हा काही कमी दर्जाचा केक नाही. झाकणाची रबर आणि शिट्टी दोन्ही काढायची, तळाला मिठाचा किंवा वाळूचा बोटभर थर घालायचा, त्यावर स्टँड किंवा उपडी वाटी ठेवायची. पाणी अजिबात घालायचं नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग केकचा डबा आत ठेवायचा आणि गॅस बारीक करायचा. ३५ ते ४५ मिनिटं लागतात. वरून लालसर रंग येत नाही, तेवढं सोडलं तर चवीत काही कमी पडत नाही. बारीकसारीक कारणासाठी झाकण उघडून पाहायची सवय मात्र मोडा. ते मीठ गार झालं की बरणीत भरून पुढच्या केकला वापरा, भाजीत नको.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह?

बेकिंगच करायचं असेल तर ओटीजी. उरलेली भाजी गरम करायलाही काही हवं असेल तर दुसरा. साधा मायक्रोवेव्ह, ज्यात कन्व्हेक्शन म्हणजे गरम हवा फिरवायची सोय नाही, त्यात भाजण्याचं काम होत नाही.

ओटीजी घेतलाच तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या. बटणावर १८० असतं आणि आत १६० किंवा २०० असतं, हे फार सर्रास चालतं. हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बिल खूप येतं का हो?

नाही. १५०० वॅटचा ओटीजी पूर्ण ताकदीने तासभर चालला तर दीड युनिट जातं. प्रत्यक्षात तापल्यावर थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करतो, त्यामुळे एका केकला युनिटभराच्या आसपास खर्च येतो. उन्हाळ्यात एसी जेवढं खातो त्यापुढे हे काहीच नाही. फक्त १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि एक्स्टेंशन बोर्ड टाळा.

‘बटर रूम टेंपरेचरला आणा’ म्हणजे नेमकं किती वेळ बाहेर ठेवायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण नागपुरातला घोळ इथूनच सुरू होतो.

रेसिपी लिहिणाऱ्याला अपेक्षित असतं १८ ते २० अंशांचं बटर. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना स्वयंपाकघरात ३५-३८ सहज असतं. ‘एक तास बाहेर ठेवा’ हे वाक्य तसंच्या तसं पाळलं तर बटरचं तेल होतं. साखरेबरोबर फेटताना बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकवायचे असतात आणि त्या बुडबुड्यांना नंतर बेकिंग पावडर फुगवते. पातळ झालेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही. केक दडस होतो आणि बिस्किटं ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतात.

म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बटर फ्रीजमधून काढून बारीक तुकडे करा आणि पाच-सात मिनिटांत फेटायला घ्या. फेटायचं भांडंही दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बिस्किटांचे गोळे वळून झाले की ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये, तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं: सकाळी बटर दगडासारखं असतं, तेव्हा खुशाल तासभर बाहेर राहू द्या.

आणि हो, उन्हाळ्यात बेकिंग सकाळी सातच्या आत उरका. दुपारी दोनला ओव्हन लावून घरच्यांचे शिव्याशाप का घ्यायचे?

उन्हाळ्यात पावाचं पीठ आंबट होतं. यीस्ट खराब आहे का?

यीस्ट उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम चाललंय. रेसिपीत ‘एक तास फुगू द्या’ लिहिलेलं असतं ते २४-२५ अंशांच्या हवेसाठी. आपल्याकडे मे महिन्यात तेवढंच पीठ अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतं. तुम्ही घड्याळाकडे बघत बसलात तर ते फुगून, खचून, आंबून मोकळं होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम येतं. यीस्ट ६० अंशांच्या आसपास मरतं, पण त्याच्या खूप आधीच पीठ हाताबाहेर जातं. उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरा. यीस्ट रेसिपीपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा कमी घाला. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रात्री पीठ मळून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सकाळी पाव करायचे. सावकाश फुगलेल्या पिठाला चवही जास्त येते.

पीठ तयार झालं की नाही हे बोटाने बघा. पिठाचं बोट लावून हलकं दाबा. खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर वेळ झाली. लगेच उसळून आला तर थांबा. तसाच राहिला तर वेळ टळून गेली आहे. अशा पिठाचा पाव न करता थापून, वर लसूण-तेल लावून जाडसर रोटी भाजा. वाया काही जात नाही.

आणि थंडीत फुगतच नाही, त्याचं काय?

बंद ओव्हनमध्ये पिठाचं भांडं ठेवा, शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा, दार लावा. झालं.

संत्र्याचा केक कडू का होतो?

नागपुरात राहून हा केक नीट जमलाच पाहिजे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कडवटपणाची तीन कारणं. पहिलं, सालीखालचा पांढरा भाग किसात येणं. आपलं संत्रं सैल सालीचं, त्यामुळे सोलल्यावर साल किसायला गेलात तर ती दुमडते आणि पांढरं सगळं किसणीत जातं. म्हणून अख्खं संत्रं धुऊन, पुसून, न सोलता बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी पापुद्रा किसायचा, एका जागी एकच हात. दुसरं, मिक्सरमधून रस काढणं. बिया आणि पडदे भरडले जातात आणि त्यातला कडूपणा रसात उतरतो. आडवं कापून हाताने पिळा आणि गाळा. तिसरं, रस काढून ठेवणं. संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ हळूहळू तयार होतो. काढला तेव्हा गोड असलेला रस तासाभराने कडसर लागतो तो यामुळे. रस अगदी शेवटी काढा.

आता कृती. १२० ग्रॅम साखरेत दोन संत्र्यांचा कीस घालून बोटांनी चोळा. साखर ओलसर, फिक्या केशरी रंगाची होते आणि सगळ्या घरात वास सुटतो. तेल सालीत असतं, रसात नाही, आणि या केकचा खरा स्वाद त्या तेलाचा. त्यात ६० ग्रॅम घट्ट दही, ६० मिली बिनवासाचं तेल आणि १२० मिली ताजा रस घालून साखर विरेपर्यंत हलवा. १५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. सहा इंची डब्यात, १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. विणायची सुई मध्यभागी खुपसून कोरडी आली की काढा.

अंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येणारी संत्री थोडी आंबट असतात. सोड्याला आंबटपणा लागतो, म्हणून केकला तीच छान. फेब्रुवारी-मार्चमधली मृग बहाराची फळं जास्त गोड असतात. ती वापरली तर साखर चमचाभर कमी करा आणि अर्धा चमचा लिंबू पिळा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ठेल्यावर त्या नावाने काय काय विकलं जातं ते आपल्याला ठाऊक आहेच. हातात घेऊन वास घ्या. सालीला वास नसेल तर केकलाही नसणार.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांऐवजी चालतात का?

चालत नाहीत. सोड्याला आंबट काही तरी हवं: दही, ताक, लिंबू, संत्र्याचा रस. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट क्षार दोन्ही आधीच असतात. एक कप मैद्याला साधारण एक छोटा चमचा पावडर किंवा पाव छोटा चमचा सोडा लागतो. सोडा जास्त झाला तर साबणाची चव येते. जुना डबा तपासायचा तर पावडर गरम पाण्यात टाका, सोड्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसलं नाही तर डबा बदला. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा बहुतेक वेळा मेलेलाच असतो.

आमच्याकडे अंडं चालत नाही.

वर दिलेला केक बिनअंड्याचाच आहे. एरवी एका अंड्याऐवजी पाव कप दही, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते, तेव्हा जवस शोधत फिरायची वेळ येणार नाही. पण ज्या रेसिपीत चार-पाच अंडी फेटून केक फुगवायचा असतो तिथे बदल करू नका. दुसरी रेसिपी घ्या.

मैद्याऐवजी कणीक वापरली तर?

वापरा, पण तोच केक होईल ही अपेक्षा ठेवू नका. गिरणीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवा आणि पीठ दहा मिनिटं मुरू द्या. आधी अर्धी कणीक, अर्धा मैदा करून बघा. गूळ-कणीक, केळं-कणीक, खजूर-कणीक या जोड्या सुंदर जमतात. व्हॅनिला-कणीक मला तरी कधी आवडली नाही.

परदेशी रेसिपी करून बघायच्या आहेत, पण निम्मं साहित्य कळत नाही.

नव्या रेसिपीची खरी मजा त्या शोधाशोधीतच आहे. काही ठोकताळे सांगते.

३५० फॅरेनहाइट म्हणजे १७५-१८० सेल्सिअस. बटरमिल्क म्हणजे घट्ट ताक. ते नसेल तर एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं थांबा. मोलॅसिसच्या जागी काकवी चालते. कॅस्टर शुगर हवी असेल तर साधी साखर मिक्सरमध्ये दोनदा फिरवा, पीठ होऊ देऊ नका. सेल्फ रेझिंग फ्लोअर म्हणजे १५० ग्रॅम मैदा आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. हेवी क्रीम फेटायला सांगितलं असेल तर किराणा दुकानातलं पुड्यातलं ताजं क्रीम घेऊ नका. त्यात फॅट साधारण २५ टक्के असतं, ते फेटलं तरी उभं राहत नाही. बटरऐवजी तूप घालायचं तर १०० ग्रॅमला ८० ग्रॅम घ्या, कारण बटरमध्ये पाणीही असतं. घरातलं बटर खारं असेल तर रेसिपीतलं मीठ गाळा. ‘उंचावरच्या गावांसाठी’ म्हणून वेगळी मापं दिली असतील तर तिकडे बघू नका, नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे.

कोणती रेसिपी निवडावी? ज्यात ग्रॅम दिलेत, डब्याचं माप दिलंय आणि ‘इतकी मिनिटं’ याबरोबर ‘असं दिसेपर्यंत’ हेही लिहिलंय ती. एक कप मैदा कोणी १२० ग्रॅम भरतं, कोणी दाबून १५०. साधा वजनकाटा घ्या, मिक्सर नंतर घेतला तरी चालेल. पहिल्यांदा रेसिपी जशीच्या तशी करा. दुसऱ्यांदा एकच गोष्ट बदला. साखर कमी, मैद्याऐवजी कणीक आणि अंड्याऐवजी दही हे तिन्ही एकाच वेळी केलं, तर जे काही होईल त्याचं श्रेय किंवा दोष कोणाला द्यायचा ते कळत नाही.

आपल्या मातीतलं काही ओव्हनमध्ये करता येतं का?

भाजून खाणं विदर्भाला नवं नाही. रोडगे आणि पानगे ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीचे. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा, हळद, मीठ घालून घट्ट भिजवायची. छोटा गोळा करून त्याला तेल लावायचं, त्यावर दुसरी पारी चढवायची, पुन्हा तेल, पुन्हा पारी, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचं. फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठून आणणार? २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. वरून तडे गेले आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाले. मग मोठ्या पातेल्यात रोडगे, मध्ये वाटीत पेटता कोळसा, त्यावर चमचाभर तूप, वर झाकण. निखाऱ्याची चव पूर्ण येत नाही, पण वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार असली की तक्रार करायला कोणी उरत नाही.

हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की सांबारवडीचं सारण पावात भरा. सांबार धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करायचा. ओलसर राहिला तर पाव आतून गिच्च होतो, इथेच सगळं बिघडतं किंवा साधतं. खसखस, सुकं खोबरं, तिखट, गरम मसाला घालून परता. २५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, तेवढीच साखर, तेवढंच मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि १५०-१६० मिली पाणी यांचं मऊ पीठ मळा. फुगलं की लाटून सारण पसरा, गुंडाळी करा, जाड कापे काढा, पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं फुगू द्या. १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं. चिंचेचं पाणी शेजारी हवंच.

नानकटाई तर सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी सुट्या लागल्या की रवा, मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचं आणि भट्टीतून भाजून आणायचं. आणताना डब्याचं झाकण तिरपं ठेवायचं, कारण घट्ट लावलं तर वाफ धरून खाली सगळी मऊ पडायची. घरी करताना १०० ग्रॅम मैदा, २५ बेसन, २५ बारीक रवा, ७५ पिठीसाखर, ९० तूप, वेलची. तूप थिजलेलं, रवाळ हवं. उन्हाळ्यात ते पातळच असतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करा. १६५ अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ओव्हनमधून काढताना मऊच लागते, गार होताना खुसखुशीत होते. ‘अजून कच्ची आहे’ म्हणून पुन्हा आत ढकलू नका.

बिस्किटं दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात.

पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरली असतील. पावसाळ्यात तर हवाच ओली असते. पण भर उन्हाळ्यातही मऊ पडत असतील तर घरातला कूलर बघा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा दमट असते आणि ताटात मांडून ठेवलेली बिस्किटं तो ओलावा शोषतात. कूलरच्या खोलीपासून लांब गार करा. मऊ पडलेली १५० अंशांवर पाच-सात मिनिटं पुन्हा भाजून गार केली की परत कुरकुरीत होतात.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी नंदी घेऊन दारात येणाऱ्या पोट्ट्यांना बोजारा (भेट) म्हणून बैलाच्या आकाराची बिस्किटं द्यायची कल्पना छान आहे, पण तो सगळा भाद्रपदातला ओला काळ. त्याच सकाळी भाजा. आणि शिंगं जाड कापा, पातळ शिंगं करपतात.

मध्येच वीज गेली तर?

दार उघडू नका. निम्म्याहून जास्त वेळ झाला असेल तर उरलेल्या उष्णतेवर केक बराचसा होतो. वीज आल्यावर दहा मिनिटं वाढवा. नुकताच ठेवला असेल आणि वीज लवकर येणार नसेल तर डबा सरळ कुकरमध्ये.

मे महिन्यात वाढदिवस आहे. क्रीमचा केक करू का?

मी करणार नाही. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि बटरक्रीम त्याआधीच घसरायला लागतं. धरमपेठेतून सक्करदऱ्यापर्यंत दुपारी गाडीवर नेलेल्या केकची अवस्था विचारू नका. वर घट्ट गनाश लावा: दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम. किंवा सरळ बिनक्रीमचा आंब्याचा केक करा आणि वर कापलेला आंबा. पोरं आंबा सोडत नाहीत.

साहित्य कुठे मिळतं?

सुका मेवा, कोको, मोठ्या प्रमाणात मैदा-साखर इतवारीत. तिथेच भांड्यांच्या दुकानांत ॲल्युमिनियमचे साधे डबे मिळतात, ते महागड्या नॉनस्टिकपेक्षा बरे. बटर पेपर, यीस्ट, रंग बर्डीवर (सीताबर्डीत) किंवा गोकुळपेठेत. यीस्टचं लहान पाकीट घ्या आणि फोडल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. टुटीफ्रुटी विकत घेऊ नका. ती कच्च्या पपईची असते, घरी पाकात मुरवून होते.

केक किती दिवस टिकतो?

तेलाचा साधा केक हिवाळ्यात बाहेर तीन दिवस, उन्हाळ्यात एक दिवस, मग फ्रीजमध्ये. फळांचा रस किंवा गर असलेला त्याहून लवकर खराब होतो. पावसाळ्यात कडेला पांढरा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका, सगळा टाका.

शेजारी म्हणतात विकायला सुरुवात कर. करू का?

घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या धंद्याला मूळ नोंदणी पुरते आणि अर्ज ऑनलाइन होतो. भाव ठरवताना मैदा-साखरेबरोबर वीज, डबा, पोचवायचं पेट्रोल आणि स्वतःचे तास धरा. हे तास कोणी धरत नाही. आधी एकच पदार्थ घ्या, तो तिन्ही ऋतूंत सारखा जमतोय का बघा, मग ऑर्डर घ्या. आणि ‘ओळखीतलंच आहे’ म्हणणाऱ्यांकडून पैसे आगाऊ घ्या.